चौदा नंबरचा डावा हात

३ फेब्रुवारी

आज पुन्हा फजिती होता होता वाचली. गिऱ्हाईक थेट आमच्या वर्कशॉपच्या दारात! सासूबाई दाराशी राखणीला बसलेल्या असतात, कुणी आलं की काठी पत्र्यावर आपटायची एवढंच त्यांचं काम. पण त्यांना डुलकी लागली. मी पडद्यामागे, हातात वेल्डिंगचा होल्डर, रॉड अर्धा जळलेला. हे बाहेर खुर्चीत.

मग काय, नेहमीचं नाटक. हे लगबगीनं पडद्यामागे शिरले, माझ्या डोक्यावरचं हेल्मेट काढून स्वतःच्या डोक्यात घातलं, बादलीत हात बुडवून मानेवर पाणी मारलं — हा घाम — आणि काच वर करत बाहेर गेले. 'या या, मोठा जोड चालला होता जरा.' गिऱ्हाईक म्हणालं, 'तुम्ही चौदा नंबर. तुमच्या कामाकडे बघायला नको.'

मी आत उलट्या ड्रमवर बसून राहिले. गिऱ्हाईक काही हलेना. खोकला आला तो रुमालात दाबला, पुन्हा आला, पुन्हा दाबला. शेवटी डोळ्यांतून पाणी आलं. खोकल्याचंच असावं.

४ फेब्रुवारी

कालचं डोक्यातून जात नाही. कुणाशी बोलायची सोय नाही, म्हणून इथं लिहिते.

चौदा हा यांचा नंबर. परीक्षा देऊन मिळवलेला. हवा दाबून भरायची टाकी असली की ज्यानं जोड मारला त्यानं जोडाशेजारी आपला नंबर ठोकायचा. म्हणजे उद्या टाकी फुटली तर कुणाची मान धरायची ते आधीच ठरलेलं. यांचा जोड कधी फुटला नाही. म्हणून यांना नावानं कुणी ओळखतच नाही, सगळ्यांना चौदा नंबरच माहीत. मीही 'चौदा नंबरच्या बाई'. नंबराशी लग्न लागल्यासारखं!

आणि दोन वर्षं झाली, यांचा उजवा हात थरथरतो. मांडीवर नुसता ठेवला तरी हलत राहतो. डॉक्टर म्हणाले, वेल्डिंगच्या धुरानं होऊ शकतं, आणखी कशानंही होऊ शकतं, पण आता धुरात जायचं नाही. तेव्हापासून हे जात नाहीत. मी जाते. भावजींनी ठरवलं तसं. भावजी म्हणजे धाकटे दीर, ऑर्डरी तेच आणतात. म्हणाले, 'झाकली मूठ आहे वहिनी, झाकलेलीच राहू दे. हात तुमचा, नंबर दादाचा. घरातल्या घरात.'

तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, खोटं कशाला लिहू. लग्न झाल्यापासून ग्राइंडर फिरवायचा, पत्रे धरायचे, फार तर चार टाके मारून द्यायचे. अख्खा जोड आपल्या हातानं मारायला मिळणार म्हणून हरखलेच होते मी. आत शिरताना बाहेर यायचं दार कुठं आहे ते बघितलं नाही.

७ फेब्रुवारी

पंख्याचा विषय पुन्हा काढला. धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा भिंतीत आहे, चालूही आहे. पण लावला की पडदा फुगतो, उडतो, आणि रस्त्यावरून मी दिसते. म्हणून पंखा बंद. मी म्हटलं, पडद्याला खाली लोखंडी पट्टी लावू, उडणार नाही. भावजी म्हणाले, 'ती खणखण वाजणार, लोक वाकून बघणार. थोडे दिवस काढा वहिनी.'

थोडे दिवस! धुरानं यांचा हात गेला म्हणतात, आणि त्याच धुरात मला बसवलंय, पंखा बंद करून. हे शेजारीच होते, खाली मान घालून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

८ फेब्रुवारी

शेजारीण विचारत होती, हातांवर हे डाग कसले. म्हटलं, तेल उडतं. म्हणाली, 'रोज काय तळता हो एवढं?'

१० फेब्रुवारी

चार टाक्या झाल्या. आज नंबर ठोकायचा कार्यक्रम.

एवढं एक काम अजून यांचं आहे. पोलादाचे दोन पंच, म्हणजे आकडा उमटवायचे ठसे, एक 'एक'चा, एक 'चार'चा. हे ते सदऱ्याच्या खिशात ठेवतात, झोपताना उशाशी. कुणाला हात लावू देत नाहीत. पंच जोडाशेजारी टेकवून मी डाव्या हातानं घट्ट धरते, हे हातोड्याचा घाव घालतात. आधी एक, मग चार. भावजी त्या वेळी उठून बाहेर जातात. त्यांना बघवत नाही म्हणे. बोटं माझी, भीती त्यांना!

मला मात्र नाही वाटत भीती. यांचा हात मांडीवर असतो तेव्हाच जास्त हलतो. हातोडा उचलला की कसा कोण जाणे थांबतो. डॉक्टर म्हणाले होते, असं असतं काहींचं. सावकाश जोड मारत जायला तो हात पुरत नाही, एका घावाला पुरतो. आजवर एकदाही चुकलेले नाहीत.

लग्नानंतर मला पहिल्यांदा हातोडा दिला तेव्हा म्हणाले होते, 'हातोडा नजरेमागे जातो. पंचाच्या डोक्याकडे बघ. बोटाकडे बघितलंस की बोटावरच बसला म्हणून समज.' मी नेमकं बोटाकडेच बघितलं. नख काळंनिळं. मग हे फुंकर घालत बसले होते आणि मी रडताना मला हसवत होते. फार हसवायचे तेव्हा.

आता हसवत नाहीत. पण चौदा ठोकून झाला की त्या आकड्यावरून अंगठा फिरवतात, तेव्हा चेहरा पूर्वीसारखा होतो. मला तेव्हा कीवही येते आणि रागही येतो. जोड माझा, आणि अंगठा फिरतो नंबरावर.

१६ फेब्रुवारी

आज टाक्यांची तपासणी होती.

ज्यांच्यासाठी टाक्या केल्या त्या कारखान्याचा तपासनीस बघायला आला. नवीन आहे, कमी बोलतो. मी घरात, खिडकीच्या मागे उभी राहून ऐकत होते. एकेका जोडावरून बोट फिरवत गेला. मग म्हणाला, 'आमच्याकडे चौदा नंबरच्या जुन्या टाक्या आहेत. त्यांचे जोड सगळे डावीकडून सुरू होऊन उजवीकडे संपलेत. हे सगळे उजवीकडून डावीकडे. चौदा नंबर डावखुरा झाला की काय?'

रॉड पुढे सरकतो तसे मागे माशासारखे खवले पडत जातात. कुठून कुठं गेला ते खवल्यांवरून कळतं. जो तो आपल्या हाताला सोयीचं तिकडून मारतो. आणि मी डावखुरी! इतके दिवस आम्हा तिघांपैकी कुणाच्या हे डोक्यात आलं नाही. मी चेहरा लपवला, आवाज लपवला, खोकला लपवला. हात काही लपवला नाही, तो टाक्यांवर सगळीकडे सही करत सुटला होता.

भावजी भारी हजरजबाबी. लगेच म्हणाले, 'अहो साहेब, दादाच्या तर हा डाव्या हाताचा मळ!' सगळे हसले. तपासनीसही हसला. पण जाता जाता पुन्हा वळला आणि जोडावरून एकदा बोट फिरवून गेला.

१७ फेब्रुवारी

भावजींचा हुकूम — आजपासून उजव्या हातानं जोड मारायचे, डावीकडून उजवीकडे, दादासारखे.

लहानपणी आईनं माझा डावा हात रुमालानं पाठीशी बांधला होता, उजव्यानं लिहायची सवय लागावी म्हणून. लागली. लिहिते तेवढं उजव्यानं, बाकी सगळं डाव्यानं. आता हेही बांधा. मी भावजींना म्हटलं, 'तुम्ही उद्या डाव्या हातानं दाढी करून दाखवा, मग मी लगेच सुरू करते.' ते हसले, पण हुकूम काही मागे घेतला नाही.

यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? म्हणाले, 'जमेल तुला.' संपलं.

१९ फेब्रुवारी

जमत नाही. रॉड चिकटतो, थबकतो, मध्येच वेडावाकडा पळतो. दिवसभर भंगारातल्या पट्टीवर मारत बसले. जोड कसला, उंदरानं कुरतडल्यासारखा दिसतो. हे पडद्याशी आले, पट्टी हातात घेतली आणि खो खो हसले. कितीतरी दिवसांनी. मलाही हसू आलं. 'हे कुणाला दाखवू नकोस, चौदा नंबरची अब्रू जाईल' — असं म्हणून पट्टी भंगारात टाकली. मग धूर लागला म्हणून लगेच बाहेर गेले.

२० फेब्रुवारी

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय. उजव्या हाताच्या नादात काच पाडायच्या आधीच ठिणगी पडली, उजेड थेट डोळ्यांत. बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पडले होते. सासूबाई म्हणाल्या, 'बाथरूममध्ये जाऊन एवढी रडतेस कशाला?' त्यांना पडद्यामागे बाथरूम आहे असंच वाटतं की काय कोण जाणे.

२४ फेब्रुवारी

उजवा हात वळायला लागला. आज एक जोड असा बसला की मीच बघत राहिले. खवला खवल्याला लागून, आणि अगदी यांच्यासारखा. यांच्या जुन्या टाकीशेजारी ठेवला तर मलाही ओळखू येणार नाही.

कुणाला दाखवला नाही. पट्टी रॉडच्या रिकाम्या खोक्यात, तळाशी ठेवली. भावजींना कळलं की डावा हात कायमचा बंद. अजून विचारतात, 'काय वहिनी, प्रगती?' मी म्हणते, 'कुठली प्रगती, माकडाच्या हातात कोलीत.' तोवर साध्या गेट-खिडक्यांची कामं डाव्यानं चालली आहेत, त्यांना कोण खवले तपासतंय. निदान तेवढा वेळ तरी माझा हात माझा आहे.

२८ फेब्रुवारी

आज सगळं उघडं पडलं.

भावजी बाहेरगावी. सासूबाई काठीसकट घरात. हे नळावर तोंड धूत होते आणि आत माझा रॉड चालू. पडद्यातून उजेड, आणि चौदा नंबर नळावर! तपासनीस न कळवता आला. त्यानं पडदा बाजूला केला — मला काचेतून नुसते बूट दिसले. मी थांबले नाही. का थांबले नाही, माहीत नाही. जोड अर्धवट सोडला तर तिथं खड्डा राहतो, एवढंच डोक्यात. तोही पाठ फिरवून उभा राहिला, रॉड संपेपर्यंत.

मी काच वर केली. वाटलं, आता ओरडणार. त्यानं पहिला प्रश्न काय विचारावा? 'पंखा का बंद आहे?'

दोन वर्षांत हे विचारणारा पहिलाच माणूस. मला रडू फुटलं, आणि ते या प्रश्नानं फुटलं याची मला लाज वाटली.

हे ओल्या तोंडानं धावत आले. तपासनीस यांना म्हणाला, 'हात कुणाचा याच्याशी मला काही करायचं नाही. नंबर आणि हात एकाचाच पाहिजे. टाकी फुटली तर नंबर सापडतो, माणूस नाही सापडत. बाईंना परीक्षेला बसवा. पास झाल्या तर त्यांचा स्वतःचा नंबर मिळेल. नाहीतर यापुढे तुमच्या टाक्या घेता येणार नाहीत.' मला म्हणाला, 'अठरा मार्चला या. डाव्या हातानं मारा, उजव्या हातानं मारा, मी जोड कापून वाकवून बघणार. तडा गेला नाही म्हणजे झालं.'

तो गेल्यावर हे खुर्चीत बसले. हात मांडीवर नुसता थडथडत होता. मी पाणी दिलं, ते सांडलं.

१ मार्च

भावजी आले, ऐकलं, आणि चहा संपायच्या आत बदलले! 'मग बसा की वहिनी. यात अवघड काय? उलट बरं, बाई वेल्डर म्हणून चार लोक बघायला येतील.' वारा येईल तशी पाठ फिरवणं यांच्याकडून शिकावं.

हे दिवसभर खिशातले पंच काढून पुसत बसले. मी म्हटलं, तुमच्या मनात नसेल तर सांगा. मी नाही जाणार. — असं म्हटलं खरं, पण मनात देवाला विनवत होते की यांनी 'जाऊ नको' म्हणू नये. मला माझा नंबर हवाय. दुसरं काही नको मला.

२ मार्च

हे म्हणाले, 'बस परीक्षेला. माझी ना नाही.'

५ मार्च

पडदा काढला! हे स्वतः स्टुलावर चढले आणि कड्या सोडवल्या. पंखा लावला. धूर सरळ भिंतीतून बाहेर जातो, बघायलाच मजा वाटते. रस्त्यावरची माणसं थांबून बघतात. शेजारीण आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, 'हे तळत होतात होय!'

हे मला शिकवताहेत. दोन प्लेटींमध्ये फट किती सोडायची, पहिला थर घालताना कुठं श्वास धरायचा, रॉड सुकवायच्या भट्टीतून तो गरमच कसा उचलायचा. रॉड स्वतः सुकवून देतात. आज म्हणाले, 'घाई नको करू, तुझा हात माझ्यापेक्षा शांत आहे.' मी काच पाडून बसले होते म्हणून बरं. माझं तोंड दिसलं नाही त्यांना.

९ मार्च

आजची पट्टी वाकवली — डाव्या हाताचाच जोड — आणि तडा नाही. भावजींनी शिट्टी मारली. हे म्हणाले, 'पास आहेस तू.'

नंतर ते जुनं गिऱ्हाईक आलं. दारातून मला बघितलं आणि विचारलं, 'चौदा नंबर कुठं गेले?' भावजी म्हणाले, 'आता इथून पुढे वहिनीच बघणार सगळं.' हे तिथंच होते, खुर्चीत. गिऱ्हाइकाला दिसलेच नाहीत. पूर्वी हेल्मेट घालून बाहेर यायचे तर लोक उठून उभे राहायचे.

हे उठून घरात गेले. मी मागोमाग गेले तर म्हणाले, 'काही नाही गं. डोकं दुखतंय.'

१२ मार्च

तपासनीसाचा निरोप आला. पास झाले तर माझा नंबर एक्केचाळीस.

भावजींना हसू आवरेना. 'दादा, नवीन पंच आणायला नकोत! तेच दोन. तू एक-चार मारायचास, वहिनी चार-एक मारतील.' हेही हसले. म्हणाले, 'उलटा हात, उलटा नंबर.' सगळे हसलो. हसता हसता यांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला.

मी एक्केचाळीस, एक्केचाळीस घोकत भांडी घासली. वेडी झाले आहे.

१५ मार्च

(रात्रभर ठणका होता, म्हणून आज उठून कालचं लिहितेय.)

जुन्या ऑर्डरीतली एक टाकी पडून होती, नंबर न ठोकता राहिलेली. मी म्हटलं, राहू दे, परीक्षेनंतर बघू. हे म्हणाले, 'ही चौदाची शेवटची. ही मला ठोकू दे.' नाही म्हणायला मन झालं नाही. पंच धरला. एकचा घाव छान बसला. चारचा पंच धरला, आणि घाव डाव्या अंगठ्यावर.

हाड मोडलंय. शेजारचं बोटही चिरडलंय. दवाखान्यात बांधून दिलं, म्हणाले, दीड-दोन महिने काही धरायचं नाही या हातानं.

हे लहान मुलासारखे रडले. दवाखान्यात सगळ्यांसमोर. 'माझा हात तोडून टाका' म्हणत होते. मीच यांना समजावत होते, अहो, आजार आहे तो, तुम्ही काय मुद्दाम केलंत? आज सकाळपासून मला भरवताहेत, केस विंचरून दिले, वाकडा भांग पाडला. माझ्यावर इतका जीव असेल असं वाटलं नव्हतं. हात गेला आणि नवरा सापडला, असं मनात आलं आणि रडायला आलं.

टाकीवर नुसता 'एक' आहे. तशीच पडली आहे ती.

१६ मार्च

भावजी म्हणाले, परीक्षा पुढे ढकलू, नंतर कधीतरी बघू, घाई काय आहे. तोवर दुसऱ्या कारखान्याच्या ऑर्डरी आणतो आणि बाहेरचा एक माणूस, तो पडद्यामागे बसेल, नंबर दादाचाच चालू राहील. दुपारी पडदा पुन्हा लावला. पंखा बंद केला. कड्या अडकवताना स्टूल हे धरून होते.

'नंतर कधीतरी' म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. 'थोडे दिवस'चा भाऊ तो. मी खाटेवर पडून पडद्याच्या कड्यांचा आवाज ऐकला. ओरडावंसं वाटलं. कुणावर ओरडू? आजारावर? सगळे माझ्याशी इतकं गोड बोलताहेत की कुठं पाय आपटायलाही जागा ठेवली नाही.

संध्याकाळी सासूबाई उशाशी येऊन बसल्या. माझ्या बांधलेल्या हाताकडे बघत म्हणाल्या, 'मला नवलच वाटतं बाई. लहान होता तेव्हापासून नेमाचा पक्का. आजारी पडला तरी नेम काही सुटला नव्हता. याचा घाव कधी जिथं बघितला तिथून हलला नाही.' मग काठी टेकत उठून गेल्या.

१७ मार्च

हातोडा नजरेमागे जातो.

त्या दिवशी हे पंचाकडे बघत नव्हते. माझ्या अंगठ्याकडे बघत होते. मी बघितलं होतं. तरी हात काढला नाही, इतका विश्वास.

सकाळी भावजींना सांगितलं, उद्याची तारीख बदलू नका, मी जाणार आहे. हे दारातच उभे होते. म्हणाले, 'अगं, कुठल्या हातानं?'

ते मी नाही सांगितलं.